खुर्चीत बसून जगज्जेता झालेला माणूस

आज रात्री मेसमध्ये एक प्रश्न विचारून बघा. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं जागतिक विजेतेपद कुणी मिळवून दिलं? कुणी विश्वनाथन आनंद म्हणेल, कुणी प्रकाश पदुकोण. एखादा कोल्हापूर-साताऱ्याकडचा मित्र छाती फुगवून खाशाबा जाधवांचं नाव घेईल. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ आणलं, त्याचा मान मोठाच आहे. पण जगज्जेतेपद म्हणाल, तर ते पहिल्यांदा आणलं १९५८ साली, एका पुण्याच्या माणसाने. त्यांचं नाव विल्सन जोन्स. आणि खेळ होता बिलियर्ड्स!

नाव इंग्रजी वाटतं म्हणून दचकू नका. विल्सन लायोनेल गार्टन-जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. शाळा बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्स, म्हणजे अस्सल पुणे कॅम्प. हा खेळ आपल्याकडे आला तोच मुळी छावण्यांमधून. इंग्रज अधिकारी जिथे गेले तिथे त्यांच्या मेसमध्ये हिरव्या बनातीचं ते अवाढव्य टेबलही गेलं. स्नूकरचा जन्म तर जबलपूरच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये १८७५ साली झाला असं मानतात. आपल्या संभाजीनगरातही छावणी आहे, पण आपल्या पिढीला हा खेळ कळला तो मोबाइलवरच्या ‘पूल’मुळे. असो.

तर बिलियर्ड्स म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. पूलमध्ये रंगीबेरंगी पंधरा चेंडू आणि छोटं टेबल असतं. बिलियर्ड्समध्ये बारा फूट बाय सहा फुटांच्या टेबलावर चेंडू फक्त तीन! एक तुमचा, एक प्रतिस्पर्ध्याचा आणि एक लाल. आपला चेंडू दुसऱ्या दोन्ही चेंडूंना लागला की २ गुण. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला, किंवा लालला लागून आपलाच चेंडू आत गेला, तर ३ गुण. गुण मिळत राहिले की टोला तुमचाच. (मेकॅनिकलवाल्यांसाठी खास माहिती : ज्या कोरिऑलिसच्या नावाने आपण परीक्षेत मार्क्स घालवतो, त्याने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं!)

इथेच या खेळाची खरी गोम आहे. कॅरममध्ये समोरच्याने पहिल्याच हाताला ‘स्लॅम’ मारला तर आपण बोर्डाला हातही न लावता हरतो. बिलियर्ड्समध्ये असं रोजच होऊ शकतं. समोरचा खेळत राहतो आणि तुम्ही खुर्चीत बसून राहता. क्रिकेटमध्ये बॉलर निदान बॉल टाकतो, कुस्तीत निदान धडपड करता येते. इथे काहीही करता येत नाही. दहा मिनिटं, अर्धा तास, कधी तासभरसुद्धा! १९३२ साली लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने एकाच ब्रेकमध्ये, म्हणजे एकदाही न चुकता, ४१३७ गुण केले. त्याला जवळपास तीन तास लागले. तेवढा वेळ जो डेव्हिससारखा दिग्गज नुसता बघत होता. त्याआधी १९०७ साली तर हद्दच झाली. टॉम रीसने दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकवून एकच टोला हजारो वेळा मारत ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक केला. तो पाच आठवडे चालला होता! प्रेक्षक आणि पत्रकार पूर्ण वेळ हजर नव्हते, म्हणून तो विक्रम अधिकृत धरला गेला नाही. म्हणजे प्रेक्षकाशिवाय पराक्रमाला किंमत नाही, हे या खेळाने फार पूर्वीच लिहून ठेवलंय.

आता जोन्स यांच्याकडे वळू. १९४८ मध्ये ते स्नूकरचे आणि १९५० मध्ये बिलियर्ड्सचे राष्ट्रीय विजेते झाले. पुढे १९६६ पर्यंत बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी तब्बल १२ वेळा जिंकलं, स्नूकरचं ५ वेळा. हे सगळं हौशी खेळाडू म्हणून बरं का! हौशी म्हणजे बक्षिसाच्या पैशांचा प्रश्नच नाही. जिंकलं तर कप आणि नाव, हरलं तर परतीचं तिकीट.

देशात राजा असलेला हा माणूस बाहेर मात्र हरत होता. १९५१ ला लंडनची जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या बॉब मार्शलने जिंकली. १९५२ ला स्पर्धा कलकत्त्यात, म्हणजे आपल्याच घरात भरली. आपली माणसं, आपली हवा. तरी कप नेला इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफिल्डने. १९५४ ला सिडनीत टॉम क्लिअरी जिंकला. विचार करा, घरच्या प्रेक्षकांसमोर हरणं काय असतं ते. आपल्याकडे नुसता एक इंटर-कॉलेज सामना हरलो तर कॅन्टीनला जायची चोरी होते!

अशा वेळी माणसाचा स्वभाव उघडा पडतो. टेबल खराब आहे, रेफरीने चुकीचं दिलं, प्रेक्षकांतून कुणीतरी खोकलं, लाइट डोळ्यांवर येत होता... कारणांना तोटा नसतो. विल्सन जोन्स यांच्याबद्दल ज्यांनी कुणी लिहिलं-सांगितलं, त्यांच्या सांगण्यात मात्र कायम एक सभ्य, शांत, नम्र माणूस येतो. आदळआपट नाही की वादावादी नाही. आपली पाळी संपली की खुर्चीत बसायचं आणि समोरच्याचा खेळ बघायचा. या खेळाची जुनी रीत अशी की, आपल्या हातून फाऊल झाला आणि रेफरीला दिसला नाही, तर खेळाडूने स्वतःहून सांगायचं. टोला मारताना क्यू चेंडूला दोनदा लागला की नाही, हे पुष्कळदा फक्त मारणाऱ्यालाच कळतं. सांगितलं की पाळी गेली, आणि मग परत खुर्ची! कदाचित पुढचा अर्धा तास. प्रामाणिकपणाची एवढी रोख किंमत फार कमी खेळांत मोजावी लागते.

आणि मग आलं १९५८. जागतिक स्पर्धा पुन्हा कलकत्त्यात. सहा वर्षांपूर्वी ज्या शहरात कप हातून गेला होता, तेच शहर. जोन्स तेव्हा ३६ वर्षांचे होते. घरच्या प्रेक्षकांच्या अपेक्षांचं ओझं आधीपेक्षा कमी नव्हतं, उलट वाढलेलंच असणार. या वेळी ते एकही सामना हरले नाहीत. सगळे जिंकून ते जगज्जेते झाले.

कलकत्ता म्हणजे फुटबॉलवेडं शहर. मोहन बागान-ईस्ट बंगालच्या मॅचला मैदानावर होणारा गोंगाट प्रसिद्धच आहे. पण बिलियर्ड्सच्या हॉलमध्ये रीत वेगळी. खेळाडू टोल्यासाठी वाकला की प्रेक्षकाने हलायचंही नाही. टाळी वाजवायची ती टोला झाल्यावर, आणि चांगला टोला परक्याचा असला तरी वाजवायची. थोडक्यात काय, तर प्रेक्षकसुद्धा त्याच खुर्चीत बसलेला असतो. आपला माणूस हरत असला तरी त्याला काही करता येत नाही. फक्त नीट बसता येतं.

सगळेच जोन्स नसतात, हेही खरं. खेळात पैसा आणि टीव्ही आला तसा खुर्चीतला माणूस अस्वस्थ होत गेला. इंग्लंडमध्ये १९८६ साली स्नूकरचा लाडका हिरो ॲलेक्स हिगिन्स याने स्पर्धेच्या संचालकालाच डोक्याने टक्कर मारली. १२ हजार पौंड दंड आणि पाच स्पर्धांची बंदी! २००६ साली रॉनी ओ’सलिव्हन हा स्नूकरमधला अफाट गुणी खेळाडू स्टीफन हेंड्रीविरुद्ध ४-१ ने मागे असताना सामना अर्धवट सोडून, हात मिळवून सरळ निघून गेला. सामना १७ फ्रेम्सचा होता, म्हणजे हरायला अजून बराच अवकाश होता. त्यालाही २० हजार पौंडांहून जास्त दंड झाला. दोघांच्याही हातात जादू होती. पण मन खुर्चीत टिकलं नाही.

प्रेक्षकांचंही तसंच. पूलमध्ये १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका असा ‘मॉस्कोनी कप’ होतो. तिथे गाणी, घोषणा, ढोल, आरडाओरडा हा खेळाचाच भाग मानला जातो आणि खेळाडूला टोल्यासाठी घड्याळ लावून ३० सेकंद मिळतात. मजा येते, यात शंका नाही. सगळीकडे देवळासारखी शांतता हवी असं माझं म्हणणं नाही. कबड्डीला ओरडायचं नाही तर कधी ओरडायचं? पण ज्या टोल्याला केसाएवढी अचूकता लागते, त्याच क्षणी मुद्दाम ओरडणं हा पाठिंबा नव्हे. तो सरळसरळ फाऊल आहे, आणि तो करणाऱ्या प्रेक्षकाची पाळी मात्र जात नाही. म्हणून तर फावतं!

१९५८ नंतरही जोन्स यांची वाट सरळ नव्हती. १९६० ला एडिंबरात हर्बर्ट बीथम जिंकला, तर १९६२ ला पर्थमध्ये पुन्हा बॉब मार्शल. एकदा जगज्जेता झालेल्या माणसाला हरणं जास्त जड जातं. टॉपर आलेल्या मुलाला पुढच्या सेमिस्टरला केटी लागल्यावर काय वाटतं, ते आठवा. पण ते परत सरावाला लागले आणि १९६४ साली न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावात त्यांनी दुसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळवलं. वय ४२! या वेळी घरचा प्रेक्षक नव्हता, ओळखीचे चेहरे मोजकेच. पण एक तरुण मुंबईकर त्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. त्याचं नाव मायकेल फरेरा. हाच फरेरा पुढे १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीनदा जागतिक हौशी विजेता झाला.

सरकारनेही दखल घेतली. १९६३ चा अर्जुन पुरस्कार, १९६५ मध्ये पद्मश्री. स्पर्धा खेळणं थांबवल्यावर ते मार्गदर्शनाकडे वळले. १९८४ साली डब्लिनमध्ये जागतिक हौशी स्नूकर विजेता ठरलेला ओम अग्रवाल, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारा अशोक शांडिल्य, अशा खेळाडूंना त्यांचं मार्गदर्शन लाभलं. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. गंमत बघा, गुरू झाल्यावर माणूस कायमचाच खुर्चीत बसतो. शिष्य टेबलावर चुकतोय हे दिसतं, पण क्यू हातात नसतो. ज्याने आयुष्यभर खुर्चीत बसायची सवय केली, त्यालाच हे जमायचं.

ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ८१. आज त्यांचं नाव घेतलं तर दहांत आठ जण कोण म्हणून विचारतील. त्यांचा खेळ टीव्हीवर दिसला नाही, त्यांच्या भांडणाचे व्हिडिओ नाहीत, कारण भांडणंच नाहीत! शांत माणसं बातमीत टिकत नाहीत, ही आपल्या सगळ्यांचीच थोडी चूक आहे.

आता आपल्या चितेगावच्या हॉस्टेलबद्दल दोन शब्द. पैठण रोडवर गावाबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना संध्याकाळी करमणूक काय, तर कॅरमचा बोर्ड, टेबल टेनिसचं टेबल आणि गॅदरिंगच्या आधीचा स्पोर्ट्स वीक. कॅरमला दोघं खेळतात आणि वीस जण वाकून बघतात. क्वीन कव्हर करायची वेळ आली की मागून कुणीतरी हमखास ओरडतं. कधी एका ब्रँचचा घोळका दुसऱ्या ब्रँचच्या पोराला सर्व्हिस करू देत नाही. हरलेला स्ट्रायकर आपटून उठतो, मग आठवडाभर दोन रूम्समध्ये बोलणं बंद. फर्स्ट इयरचा एखादा बुजरा पोरगा, चांगला खेळत असूनही, त्या गोंगाटाला घाबरून पुढच्या वर्षी नावच देत नाही. हे नुकसान कुठल्याच स्कोअरबोर्डवर दिसत नाही, पण होतं हे नक्की.

म्हणून यंदाच्या स्पोर्ट्स वीकसाठी एक साधी सूचना आहे, आयोजकांनी आणि सरांनी जरूर विचार करावा. कॅरम, टीटी आणि बुद्धिबळाच्या वेळी बोर्डापासून चार फुटांवर एक खडूची रेघ मारा. प्रेक्षक रेघेच्या बाहेर. टोला होईपर्यंत गप्प, झाल्यावर पाहिजे तेवढा दंगा. फाऊल झाला तर खेळणाऱ्यानेच सांगायचं. आणि बोर्डाजवळ एक जास्तीची खुर्ची ठेवा. ज्याची पाळी नाही, त्याने तिच्यात बसायचं.

खडू ऑफिसमधून मिळेल. खुर्ची मेसमधून आणू.