नळी आणि नेम

दूरचा नेम साधायला निघालेला नवशिका आधी डोळ्याचा विचार करतो, मग हाताचा, आणि बंदुकीच्या नळीचा सर्वांत शेवटी. अकबर बादशहाचा क्रम नेमका उलटा होता. त्याच्या राजनीतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज त्याचे चरित्र बंदुकीच्या बाजूने सांगायचे आहे, कारण त्याचा कटू अध्याय आमच्या बुऱ्हाणपुरात घडला.

१५४२ साली अमरकोटला जन्मलेला हा मुलगा १५५६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तख्तावर बसला. अक्षरांशी त्याचे फारसे जमले नाही. कारखान्यात मात्र तो रमे. पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या कडा नुसत्या जोडीत. अशा नळ्या फुटत आणि माणसे दगावत. अकबराच्या कारखान्यात पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरपा वळवून, पदरावर पदर घेऊन, भट्टीत एकजीव करू लागले. काठोकाठ दारू ठासली तरी अशी नळी टिके, असे अबुल फजल 'आईने अकबरी'त नोंदवतो. गोळी तिरकी गेली, तर नळी तापवून, आत दांडा घालून ती सरळ करीत. एका वेळी सोळा नळ्या घासून साफ करणारे, जनावराकडून फिरवायचे चाकही तेथे होते. नेमबाजीचा पहिला धडा तो हाच.

त्याच्या आवडत्या बंदुकीचे नाव 'संग्राम'. फेब्रुवारी १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात तटाच्या खिंडारापाशी एक चिलखतधारी त्याला दिसला. तो कोण, हे ठाऊक नव्हते. अकबराने बार काढला. पडला तो किल्ल्याचा सेनानी जयमल राठोड. राजपूत परंपरा सांगते की, जखमी जयमल पुढेही लढला. त्याच रात्री गडावर जोहार पेटला, दुसऱ्या दिवशी चितोड पडले, आणि बादशहाच्या हुकमाने हजारो माणसे कापली गेली. एका अचूक गोळीमागून आलेली ही कत्तल त्याच्या चरित्रावरचा न पुसणारा डाग आहे.

१६०० साली तो बुऱ्हाणपुरात उतरला. उत्तरेला अवघ्या सात-आठ कोसांवर असीरगड. पण त्या उंचीपुढे ना 'संग्राम' चालली, ना तोफा. जानेवारी १६०१ मध्ये गड हाती आला तो, कोणी म्हणतात रोगराईने, कोणी म्हणतात फितुरीने. त्या विजयाचा शिलालेख आमच्या जामा मशिदीत आजही आहे.

खानदेश त्याने शाहजादा दानियालला दिला. बापाची बंदुकीची हौस मुलात उतरली होती, शिस्त नव्हती. आपल्या लाडक्या बंदुकीचे नाव त्याने जनाज्यावरून ठेवले होते. दारूचे व्यसन हाताबाहेर गेले, तेव्हा बादशहाने पहारे बसवले. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात सांगतो की, एका बंदूकवाल्याने त्याच बंदुकीच्या नळीत मद्य भरून ते आत पोहोचवले. नळीतला गंज आणि बारुदीचा मळ त्यात उतरला होता. ते पिऊन दानियाल अंथरुणाला खिळला आणि बुऱ्हाणपुरातच गेला. त्यानंतर, ऑक्टोबर १६०५ मध्ये, अकबरही आग्र्यास वारला.

हजारो नळ्या घासून लखलखीत ठेवणाऱ्या बापाचा मुलगा एका न घासलेल्या नळीने नेला. बंदूक हाती घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी चितोडच्या गोळीआधी ही बुऱ्हाणपूरची नळी दाखवीन.