आधी मजुरी, मग पापक्षमा : बिशप बार्तोलोमे दे लास कासास

चोरलेली गाय गोठ्यात बांधून ठेवायची आणि चोरीचे पापनिवेदन करायचे, असे चालत नाही. हे आपण सारे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलो. पण चोरलेली गोष्ट म्हणजे माणूसच असेल तर? त्याला मोकळे केले की संपले, की त्याच्याकडून वर्षानुवर्षे फुकट करून घेतलेल्या कामाचेही देणे लागते?

जगाने या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा उलटेच दिले आहे. ब्रिटिश संसदेने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना. गुलामांना एक पैही मिळाली नाही. त्यातल्या बहुतेकांना तर १८३८ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावे लागले. मात्र याच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी एका कॅथोलिक बिशपांनी देणे कोणी कोणाचे लागते हे ठणकावून सांगितले होते. त्यांची ओळख आज करून घेऊ या.

बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म १४८४ च्या सुमारास स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. वडील व्यापारी होते. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ते गेले होते आणि परतताना त्यांनी तिकडचा एक आदिवासी मुलगा लेकाला भेट म्हणून आणला. पुढे राणी इझाबेलाच्या आज्ञेने त्या मुलाला मायदेशी परत पाठवावे लागले. तरुण बार्तोलोमे १५०२ मध्ये स्वतःच हिस्पानियोला बेटावर जाऊन पोहोचले. तेथे स्पॅनिश लोकांना गावेच्या गावे ‘सोपवली’ जात. तेथील रहिवाशांनी खाणीत व शेतात राबायचे आणि त्याबदली स्पॅनिश माणसाने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा, असा हा कारभार होता. शिकवणे कागदावरच राहिले. राबणे मात्र मरेपर्यंत चाले. लास कासास यांनीही अशी माणसे घेतली आणि गुरुदीक्षा झाल्यावरही ठेवली.

१५११ च्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी सांतो दोमिंगो येथे फादर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी प्रवचनात साऱ्या जमीनदारांना तोंडावर पापी ठरवले. गावात खळबळ माजली. लास कासास मात्र बदलले नाहीत. पुढे एका डॉमिनिकन धर्मगुरूंकडे ते पापनिवेदनाला गेले, तर त्या फादरांनी, माणसे बाळगता म्हणून पापक्षमा देण्यास साफ नकार दिला. लास कासास यांनी वाद घातला, मनातून चडफडले आणि परतले. पण तो काटा आत रुतून राहिला असावा असे आम्हाला वाटते, कारण पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्या एका नकाराभोवतीच उभे केले.

१५१३ मध्ये ते क्यूबाच्या मोहिमेत सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून गेले. काओनाओ नावाच्या गावी स्पॅनिश शिपायांनी निःशस्त्र लोकांची केलेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तरीही मोहिमेनंतर त्यांनी तेथे मित्राच्या भागीत पुन्हा जमीन आणि माणसे स्वीकारलीच! १५१४ साली पेंटेकॉस्टच्या सणासाठी प्रवचनाची तयारी करत असता जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. गरिबांचे लुबाडून केलेले अर्पण देवाला मान्य नाही आणि मजुराची मजुरी बुडवणारा त्याचे रक्तच सांडतो, असा त्या वचनांचा आशय आहे. आपण रोज वेदीवर अर्पण करतो ती भाकर कोणाच्या घामाची, हा विचार त्यांना काही दिवस स्वस्थ बसू देईना.

१५ ऑगस्ट १५१४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांनी मिस्साच्या प्रवचनात आपली सारी माणसे सोडल्याचे जाहीर केले आणि ऐकणाऱ्यांनाही सांगितले की तुम्हीही भरपाई केल्याशिवाय तुमचे तारण नाही. येथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. लास कासास यांनी सोडलेली माणसे सुटणार नव्हती. गव्हर्नर ती दुसऱ्या कोणाला तरी देणार आणि तो त्यांना राबवून मारणार, हे त्यांना ठाऊक होते. नुसता आपला हात काढून घेतल्याने अन्याय भरून निघत नाही, हा पहिला धडा त्यांना तेथेच मिळाला.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांची धावपळ आम्ही थोडक्यात सांगतो. समुद्र ओलांडून अनेक फेऱ्या, राजदरबारी अर्ज, १५२२ मध्ये डॉमिनिकन संघात प्रवेश. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी आदिवासींना गुलाम करण्यास मनाई केली आणि १५४२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याने नवे कायदे काढून आदिवासींना यापुढे गुलाम करणे बंद केले. या कायद्यांमागे लास कासास यांची मेहनत होती. १५४४ साली त्यांना चियापासचे बिशप म्हणून दीक्षा मिळाली. हा भाग आज मेक्सिकोत आहे.

१५४५ च्या उपवासकाळात बिशपांनी आपल्या धर्मप्रांतात हुकूम काढला की गुलाम बाळगणाऱ्यांना कोणीही पापक्षमा देऊ नये. ईस्टर तोंडावर आलेले आणि गावातल्या मातब्बरांना पवित्र कम्युनियन नाही! एका वरिष्ठ धर्मगुरूंनी हुकूम मोडला. बिशपांनी त्यांना पकडून आणण्यास सांगताच हत्यारबंद जमाव बिशपांच्या घरात घुसला. दोनच वर्षांनी ते चियापास सोडून स्पेनला गेले, ते परत आलेच नाहीत.

पण पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी बारा नियम लिहून ठेवले. १५५२ मध्ये ते सेव्हिलला छापले गेले (त्याच वर्षी चीनच्या किनाऱ्याजवळ संत फ्रान्सिस झेवियर यांनी देह ठेवला). ही पुस्तिका धर्मग्रंथापेक्षा वकिलाच्या दस्तऐवजासारखी वाटते. मरणाच्या दारातील माणसानेदेखील पापनिवेदनाआधी नोटरीला बोलवायचे आणि आपल्या मालमत्तेतून भरपाई करण्याचा अधिकार धर्मगुरूंना लिहून द्यायचा. गुलाम ताबडतोब मोकळे करायचे, त्यांची क्षमा मागायची आणि त्यांनी जितका काळ काम केले त्याचा मोबदला मोजून द्यायचा. ज्यांचे देणे ते मेले असतील तर वारसांना, वारस नसतील तर त्यांच्या गावाला. स्वारीत भाग घेतलेला प्रत्येक शिपाई साऱ्या नुकसानीला जबाबदार. स्वारीसाठी हत्यारे विकणारा व्यापारीसुद्धा त्यातून सुटत नाही.

हे नियम फार कठोर होते, असे तेव्हाही म्हटले गेले. राजसत्तेच्या हक्कालाच यात आव्हान आहे असा आरोप झाला आणि १५४८ मध्ये हस्तलिखित प्रती गोळा करण्याचा राजाचा हुकूम निघाला. तरीही हे पाणी मुरले. लिमाचे आर्चबिशप जेरोनिमो दे लोआयसा यांनी १५६० मध्ये अशाच धर्तीच्या सूचना काढल्या आणि पेरूमधील कित्येक म्हाताऱ्या शिपायांनी मृत्युपत्रात आदिवासींच्या नावे पैसे आणि जमिनी लिहून दिल्या. लुटीच्या मानाने ही रक्कम थोडीच. पण सक्ती कोणत्याही कोर्टाची नव्हती, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंची होती.

लास कासास यांच्या स्वतःच्या खात्यावर मात्र एक देणे राहिले. आदिवासींचे हाल वाचावेत म्हणून त्यांनी १५१६ पासून काही वर्षे आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना दरबारी केली होती. आफ्रिकी लोकांनाही तितक्याच अन्यायाने पकडले जाते, हे त्यांना उशिरा कळले. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी ही चूक स्वतःच नोंदवली आणि अज्ञानाची सबब देवाच्या न्यायासनापुढे चालेल याची आपल्याला खात्री नाही, असेही लिहिले. त्यांच्या चुकीवर पांघरूण घालणारे चरित्रकार आम्हाला पटत नाहीत. त्यांनी स्वतः ते घातले नव्हते.

१८ जुलै १५६६ रोजी माद्रिदमधील मठात ते देवाघरी गेले. आपला इतिहास चाळीस वर्षे छापू नये असे त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात तो १८७५ साली छापला गेला. तेव्हा ज्या क्यूबात त्यांनी आपली माणसे सोडली, तेथे आफ्रिकी वंशाचे गुलाम अजून उसाच्या मळ्यात राबतच होते. १८८० मध्ये स्पेनने तेथील गुलामगिरी रद्द केली, पण मालकांचे नुकसान होऊ नये म्हणून सुटलेल्यांना आणखी आठ वर्षे त्यांच्याकडेच तुटपुंज्या पगारावर बांधून ठेवायचे ठरवले. ती मुदत मध्येच, १८८६ मध्ये, संपवण्यात आली. मागील मजुरीचा हिशेब कोणी केला नाही.