नानीच्या घरी वाढलेला उमर (रजि.) यांचा मुलगा

हजरत उमर (रजि.) यांचे नाव निघाले की त्यांचा करडा न्याय आठवतो. रमजानमध्ये या पानावर त्याच्या अनेक हकिगती आपण वाचतो. पण एकदा हेच उमर (रजि.) स्वतः पक्षकार होते आणि निकाल त्यांच्या विरोधात गेला. वाद पोटच्या मुलाच्या ताब्याचा होता. समोर उभी होती त्या मुलाची नानी.

622 मध्ये हिजरत करून ते मदिनेला आले. पुढे अन्सारांपैकी जमीला बिंत साबित यांच्याशी त्यांचा निकाह झाला. या बाईंचे आधीचे नाव आसिया, म्हणजे अवज्ञा करणारी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते बदलून जमीला ठेवले. त्यांना मुलगा झाला, आसिम. नंतर पती-पत्नी वेगळे झाले आणि आसिम आजोळी राहिला.

हजरत अबू बकर (रजि.) खलिफा असतानाची गोष्ट. उमर (रजि.) कुबाला गेले, तर मशिदीच्या अंगणात आसिम खेळत होता. बापाचे काळीजच ते! त्यांनी दंडाला धरून त्याला उचलले आणि सवारीवर आपल्या पुढ्यात बसवले. तेवढ्यात नानी धावत आली आणि मुलगा मागू लागली. दोघे भांडतच अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेले. हा म्हणे मुलगा माझा, ती म्हणे माझा. अबू बकर (रजि.) यांनी मुलगा नानीकडेच राहू द्यायला सांगितले.

उमर (रजि.) यांनी उलट शब्द काढला नाही. अबू बकर (रजि.) यांना खलिफा करण्यात पुढाकार त्यांचाच होता, स्वभावही तापट. तरी ते गप्प राहिले. मला ही हकिगत त्यांच्या विजयांपेक्षा मोठी वाटते. इमाम मालिक यांनी ती 'मुवत्ता'मध्ये नोंदवली आहे.

शरियतमध्ये सांभाळ आणि पालकत्व वेगळे. सांभाळाला हिजानत म्हणतात. आईनंतर तो हक्क नानीकडे जातो. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत. खर्चाची जबाबदारी मात्र बापावरच राहते.

आपल्या शहाड-उल्हासनगरच्या घरांतही सून दगावते आणि चाळिसाव्यापर्यंतच नातवंडांवरून दोन घरे समोरासमोर येतात. कधी दागिन्यांचा हिशेब त्यात मिसळतो, कधी बापाच्या दुसऱ्या निकाहाची भीती असते. मूल दाराआडून सगळे ऐकत असते. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम 17 मुलाचे हित पाहायला सांगते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. 2010 मध्ये असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आई वारलेली, बापाने दुसरे लग्न केलेले. बाप नैसर्गिक पालक असला तरी ताबा हा वेगळा प्रश्न आहे, असे म्हणून न्यायालयाने दावा चालू असेपर्यंत मुले नानाच्या घरीच ठेवली.

634 मध्ये उमर (रजि.) खलिफा झाले. बैतुलमालमधून मुलांना दूध सुटल्यावर वजीफा मिळे. एका रात्री गस्तीवर असताना त्यांना रडणारे तान्हे बाळ दिसले. वजीफ्यासाठी आई त्याचे दूध लवकर तोडत होती. ते हादरले आणि वजीफा जन्मापासून सुरू केला. दुधात पाणी घालायला नकार देणाऱ्या मुलीची हकिगतही अशाच एका रात्रीची. त्या गरीब घरच्या मुलीचा निकाह त्यांनी याच आसिमशी लावून दिला. 717 मध्ये खलिफा झालेले उमर बिन अब्दुल अजीज हे आसिम यांच्या मुलीचे पुत्र.

644 मध्ये फज्रच्या नमाजेत उमर (रजि.) यांच्यावर खंजिराचे वार झाले आणि त्यातच ते शहीद झाले. आसिम यांनी वडिलांकडून ऐकलेली एक हदीस 'सहीह बुखारी'त आहे. पूर्वेकडून रात्र पुढे आली, दिवस मावळला, सूर्य बुडाला की रोजा सोडण्याची वेळ झाली, असा तिचा आशय आहे.