ट्रामच्या आधी अलिबाग गाठणारे नानाभाई मूस

उलवे : सूर्यावरचा तापलेला वायू सतत वाहतो आणि चुंबकी रेषांना सुंभासारखा पीळ देतो. पीळ अति झाला की स्फोट होतो, अन् इकडे पृथ्वीवर चुंबकसुई थरथरते. आपल्या मोबाईलचं जीपीएससुद्धा त्यानं चुकू शकतं.

१८५९ चं असं मोठं वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं टिपलं. त्याच वर्षी नानाभाई मूस जन्मले. १८९६ ला ते तिथले पहिले भारतीय संचालक झाले. शहरात विजेच्या ट्राम येणार, मग सुई खोटं सांगणार! म्हणून १९०४ ला त्यांनी आपल्या जिल्ह्यात, अलिबागला, लोखंड टाळून वेधशाळा उभारली. दोन वर्षं दोन्हीकडे मोजलं, मगच कुलाब्याचं मोजमाप थांबवलं. १९३६ ला नानाभाई गेले. नोंदी मात्र अलिबागला आजही चालू आहेत.