फ्रँकलिनचे मोकळे केस

राजकारणी पुरुषाने केस किती वाढवावेत, हा प्रश्न वरवर पाहता राजनीतीचा नव्हे, केशकर्तनालयाचा आहे. परंतु इंग्रजी भाषिक देशांच्या इतिहासात निदान एका वृद्धाच्या खांद्यावर रुळणाऱ्या केसांनी परराष्ट्रनीतीत आपला वाटा उचलला. हा वृद्ध म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे एका मेणबत्त्या व साबण बनविणाऱ्याच्या घरी झाला. सतरा भावंडांतील हे पंधरावे अपत्य. शाळा जेमतेम दोन वर्षे लाभली आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. १७२३ मध्ये तो पळून फिलाडेल्फियाला गेला आणि १७२८ मध्ये त्याने स्वतःचा छापखाना उभारला. पुढच्याच वर्षी त्याने कागदी चलनाचा पुरस्कार करणारी पुस्तिका लिहिली. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या नोटा छापण्याचे कामही त्यालाच मिळाले. बनावट नोटांना आळा बसावा म्हणून झाडाच्या पानाच्या शिरांचा ठसा नोटेवर उमटविण्याची युक्ती त्याचीच. नोट कागदाची असली तरी ती चालते विश्वासावर, हे त्याला धंद्यातच उमगले होते.

त्या काळी प्रतिष्ठित पुरुषाच्या मस्तकावर कृत्रिम केसांचा टोप असे व त्यावर पिष्टाची पांढरी भुकटी भुरभुरलेली असे. टोप हा दर्जाचा दाखला होता. फ्रँकलिनही त्याला अपवाद नव्हता. १७६७ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड मार्टिनने काढलेल्या चित्रात तो टोप घालून, सोनेरी किनारीचा निळा कोट चढवून ऐटीत बसलेला दिसतो. त्या वेळी तो वसाहतींचा प्रतिनिधी होता आणि साम्राज्य अखंड राहावे, अशीच त्याची इच्छा होती. जानेवारी १७७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे भर सभेत त्याची निर्भर्त्सना झाली. तो निमूट उभा राहिला. पुढच्या वर्षी तो मायदेशी परतला आणि १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. अमेरिकेच्या सैन्याजवळ पुरेशी दारूही नव्हती आणि पैसाही नव्हता. काँग्रेसच्या कागदी चलनाची घसरण सुरू झाली होती. अशा राष्ट्राचा हा वकील डोक्यावर कॅनडाच्या प्रवासातील फरची टोपी आणि तिच्याखालून डोकावणारे विरळ, सरळ, पिकलेले केस अशा अवतारात पॅरिसला पोहोचला. डोक्याच्या त्वचेच्या विकारामुळे टोप त्याला सोसवत नसे. परंतु भुकटी माखलेल्या पॅरिसमध्ये आपले हे ध्यान लोकांना भावते आहे, हे ध्यानी येताच त्याने आपल्या सोयीचे धोरण केले. रूसोच्या विचारांनी भारलेल्या फ्रेंच समाजाला त्याच्यात निसर्गाचा पुत्र दिसला. लोक त्याला साध्या राहणीचा क्वेकर समजले. तो क्वेकर नव्हता, पण तो समज दूर करण्याची घाई त्याने केली नाही. तपकिरीच्या डब्यांवर व अंगठ्यांवर त्याची छबी झळकू लागली. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी मैत्रीचा तह झाला आणि २० मार्चला तो सोळाव्या लुईपुढे टोपावाचून, तलवारीवाचून उभा राहिला.

हा तह केसांमुळे झाला असे म्हणणे अर्थातच बालिशपणाचे ठरेल. साराटोगा येथील ब्रिटिश सैन्याची शरणागती आणि सप्तवार्षिक युद्धातील पराभवाचे उट्टे काढण्याची फ्रान्सची इच्छा, ही त्याची खरी कारणे. तथापि, ज्या काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता, तिला कर्ज मिळवून देण्यासाठी तारण म्हणून दाखवायला वकिलाच्या पतीखेरीज फारसे काय होते? जुलै १७८२ च्या करारात १ कोटी ८० लाख लीव्र, म्हणजे फ्रान्सचे तत्कालीन चलन, इतक्या कर्जाची नोंद आहे. व्याज पाच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत आणि शांततेच्या तहापर्यंतचे व्याज माफ. सावकाराने याहून अधिक उदार व्हावे तरी किती?

या साधेपणात नाटकाचा अंश होता, हेही मान्य केले पाहिजे. पासी येथे त्याचे बिऱ्हाड एका प्रशस्त वास्तूत होते, तेथे उत्तम मद्याचा साठा होता आणि त्याच्या सुखासीन दिनक्रमावर सहकारी जॉन ॲडम्स चिडत असे. फ्रान्सला तर या औदार्याची जबर किंमत मोजावी लागली. युद्धखर्चाने पोखरलेली तिजोरी हे १७८९ च्या क्रांतीच्या कारणांपैकी एक होय.

१७८५ मध्ये मायदेशी परतल्यावर एक्याऐंशीव्या वर्षी तो राज्यघटना परिषदेत बसला. एके काळी स्वतः गुलाम बाळगणाऱ्या या माणसाने फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरीविरोधी अर्जावर संस्थेचा अध्यक्ष म्हणून सही केली. हा टोप उतरवायला त्याला फार उशीर लागला. १७ एप्रिल १७९० रोजी तो वारला. अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक लोटले होते. पुढे पाचच वर्षांनी ब्रिटनमध्ये पिटने केसांच्या भुकटीवर वर्षाला एक गिनी कर बसविला आणि ती रूढी झपाट्याने मावळली.

आज शंभर डॉलरच्या नोटेवर फ्रँकलिनचा जो चेहरा आहे, तो फ्रेंच चित्रकार डुप्लेसीने रंगविलेला, बिनटोपाचा, मोकळ्या केसांचा आहे. नोटा छापणाऱ्या कारागिराला याहून समर्पक स्मारक लाभणे कठीण. पुढाऱ्याचा साधा वेश लोकांना मोहवितो आणि पुढाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते. फ्रँकलिनचा वेश खपला, कारण त्यामागे पन्नास वर्षांची मेहनत व व्यवहारातील पत उभी होती. ज्यांच्यामागे ती नाही, त्यांचे केस मोकळे असोत वा कापलेले, नागरिकांनी आधी त्यांचा हिशेब पाहावा, हे उत्तम.