मक्याची भाकरी आणि आमच्या वर्ध्याचा माणूस

मी वर्ध्याची. आमचा जिल्हा दारूबंदीचा, आणि माझी कितीतरी वर्षे बचत गटाच्या बायकांना घेऊन गावठी दारूच्या भट्ट्यांविरुद्ध चौकीच्या पायऱ्या चढण्यात गेली. त्यामुळे रविवारी सकाळी अकरा वाजता, आंघोळ-पूजा आटोपून मी दारूचे ग्लास मांडलेल्या टेबलाशी बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की माझी मोठी बहीण लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघाली होती आणि एकटीने विमानात बसायला घाबरत होती. सोबत म्हणून मी गेले. तिथल्या मिशन नावाच्या भागात मेक्सिकन लोकांची जुनी वस्ती आहे. भिंतीभिंतींवर रंगवलेली मोठाली चित्रं, रस्त्यावर कापलेल्या आंब्यावर तिखटमीठ भुरभुरून विकणारे फेरीवाले. मला तर आपल्याच बाजारात आल्यासारखं वाटलं. भाचीने तिथल्या एका छोट्याशा मेक्सिकन हॉटेलात आम्हाला 'ब्रंच'ला नेलं. म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण एकातच उरकायचं. आपल्याकडे रविवारी उशिरा उठणाऱ्या घरात होतं तेच, फक्त तिथे त्याचे पैसे मोजायचे.

भाचीने मार्गारिटा मागवली आणि हळूच माझ्याकडे पाहिलं. टकीला नावाची दारू, लिंबाचा रस, संत्र्याची गोड दारू, आणि ग्लासाच्या काठाला मीठ. ही टकीला घायपाताच्या एका भाऊबंदापासून करतात हे ऐकून तर मी थक्कच झाले. आपल्याकडे शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेने जे काटेरी घायपात माजलेलं असतं, त्याच कुळातलं. शेजारच्या टेबलावर बिअरमध्ये लिंबू, मीठ आणि तिखट घातलेला ग्लास आला होता. मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणी होते, आणि नवऱ्याचा पगार पिऊन संपतो तेव्हाची दारू आणि ही, यांत फरक आहे हे मलाही कळतं. पण हात काही पुढे झाला नाही. मी अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत घेतलं. हो, आपली लाल अंबाडीच! तिकडे त्याला हामाइका म्हणतात. चव अगदी आपल्या विदर्भातल्या सरबताची.

मग ताटं आली. एकात चिलाकिलेस, म्हणजे मक्याच्या शिळ्या पोळ्यांचे तळलेले तुकडे हिरव्या मिरचीच्या रस्स्यात घोळवून, वर साय आणि चीज. चक्क फोडणीची पोळी की हो! दुसऱ्यात हुएवोस रांचेरोस, मक्याच्या पोळीवर अंडी आणि टोमॅटोचा झणझणीत रस्सा. बाजूला घोटलेला राजमा. (त्यात डुकराची चरबी असते का, हे आधी विचारून घ्या, पुष्कळ ठिकाणी असते.) त्या पोळीला टॉर्टिया म्हणतात. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर ठेवायचा, चोळून धुवायचा आणि ओलाच वाटायचा. पूर्वी तिथल्या बायका आपल्या पाट्या-वरवंट्यासारख्याच दगडावर हे वाटण वाटत. त्या चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. मका जगभर गेला, पण चुन्याची युक्ती बरोबर गेली नाही, म्हणून नुसत्या मक्यावर जगणारे कितीतरी गरीब पुढे पेलाग्रा या रोगाने आजारी पडले. बायकांच्या हातचं ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही की असं होतं.

मी घास घेतला आणि समोरच्या भिंतीवर नजर गेली. मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या एका भित्तिचित्राची छापील प्रत तिथे लावली होती. लांब टेबलाभोवती माणसं बसलेली, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि टेबलाच्या टोकाशी बसून भाकर मोडून देणारा एक माणूस. मला एकदम आठवलं. हे चित्र मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाच्या निमित्ताने पाहिलं होतं. तो भाकर मोडणारा माणूस आमच्या वर्ध्याचा, असं मानतात. पांडुरंग सदाशिव खानखोजे!

माझ्या बहिणीला नाव ठाऊक नव्हतं. भाचीला तर नव्हतंच. मग गार होत चाललेल्या चिलाकिलेससमोर मी त्यांना सांगायला बसले.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतला. शिक्षण वर्धा-नागपूरकडे. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेली ती पिढी. इंग्रजांना घालवायचं तर सैनिकी शिक्षण हवं, ते इथे मिळणार नाही, म्हणून हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर सोडून निघाला. आधी जपान, तिथून अमेरिका. आम्ही बसलो होतो त्या शहराच्या आसपासच त्यांनी एका लष्करी शाळेत धडे घेतले. आणि त्याच काळात ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत ते शेती शिकले. पुढे बंदुकीने हुलकावणी दिली आणि त्यांना तारलं ते या शेतीच्या शिक्षणाने.

१९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिंदी मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी गदर पक्ष काढला. खानखोजे त्याच्या पहिल्या फळीतले. लष्करी बाजू त्यांच्याकडे. त्यांचं 'गदर' हे पत्र सॅन फ्रान्सिस्कोतूनच निघायचं. पहिलं महायुद्ध पेटलं तसे ते इराणकडे गेले आणि तिथल्या लोकांना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध लढले. ते जमलं नाही. मग बर्लिन. १९२१ मध्ये सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर मदत मागायला मॉस्को. तिथेही फारसं काही हाती लागलं नाही. मायदेशाचं दार बंद, इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव, आणि वय चाळिशीकडे झुकलेलं. आपल्या घरातल्या एखाद्या मुलाची ही अवस्था असती तर आपण म्हटलं असतं, आयुष्य फुकट घालवलं याने.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. अमेरिकेत असताना त्यांची ओळख सॅन फ्रान्सिस्कोतले मेक्सिकोचे वकील रामोन दे नेग्री यांच्याशी झाली होती. ती कामी आली. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेलेली, जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना द्यायचं चाललेलं. चापिंगो इथल्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात, जी स्वतःच पूर्वी जमीनदाराची हवेली होती, खानखोजे प्राध्यापक झाले. तिथल्याच प्रार्थनामंदिराच्या भिंती तेव्हा रिवेरा रंगवत होते.

आणि मग मका! मेक्सिकोच्या गरिबाचं पोट मक्यावर. खानखोजेंनी मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते आणि शेतातला मका यांचा संकर केला. थंडीत, दुष्काळात टिकणारं, जास्त दाणा देणारं वाण शोधत राहिले. त्यांच्या कणसांचे फोटो टीना मोदोत्ती या नामवंत बाईने काढलेत. ती कणसं एखाद्या दागिन्यासारखी दिसतात. गहू, डाळी, रबर यांवरही काम केलं. पण मला सगळ्यांत भावतं ते त्यांच्या मोफत शेतकी शाळांचं काम. फी नाही की कॉलेजची अट नाही, शेतकऱ्याने यावं आणि शिकावं. त्यांतल्या एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचं नाव. आम्ही बचत गटात बी-बियाणं, खताचा वर्ग घेतो तेव्हा दहा बायका जमवताना नाकी नऊ येतात. या माणसाने परक्या मुलखात, परक्या भाषेत ते केलं.

१९३६ मध्ये, पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. नावं बघा! हजारो मैलांवर, मक्याच्या पोळ्या खाणाऱ्या घरात ही नावं रोज हाकेत यायची.

देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रांत सरकारने शेतीविषयी सल्ला द्यायला त्यांना बोलावलं, तर व्हिसाच नाकारला गेला. काळ्या यादीतलं नाव पुसायचं कुणाला सुचलंच नव्हतं! इथे माझी बहीण चमचा खाली ठेवून गप्प झाली. अखेर परवानगी मिळाली, आणि चार दशकांहून जास्त काळानंतर ते उजळ माथ्याने मायभूमीवर उतरले. १९५५ मध्ये नागपूरला कायमचे राहायला आले. ज्या देशासाठी घर सोडलं, तिथे त्यांना ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. २२ जानेवारी १९६७ ला ते गेले. सावित्री साहनी यांनी वडिलांच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्यात, आणि मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलंय, तेच मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला, लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते. मेक्सिकोत!

भाचीची मार्गारिटा अर्धी तशीच राहिली होती, बर्फ विरघळून गेला होता. बिल घेऊन आलेल्या मेक्सिकन बाईंना तिने त्या चित्राकडे बोट दाखवून स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेल्या चार गरम टॉर्टिया आणून माझ्या हातात ठेवल्या. पैसे घेईनात.

परत आल्यावर मी घरी करून पाहिल्या. मका आणला, पानाच्या डब्यातला चुना मोजून घातला, रात्रभर ठेवला. पहिल्या तीन तव्यावरच मोडल्या. पीठ कोरडं झालं होतं, पाण्याचा हात लावून पुन्हा मळलं. चौथी जरा गोल झाली. सासूबाईंनी ती ठेच्याबरोबर खाल्ली, आणि चुना जरा जास्त पडलाय म्हणून सांगितलं.