पीएचवाले सोरेन्सन

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला पीएच काढून आपण सगळ्यांनीच जर्नल कम्प्लीट केलंय. पण हा पीएच आणला कोणी, असं व्हायव्हात विचारलं की निम्मी बॅच गार!

सोरेन सोरेन्सन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ चा, डेन्मार्कमधल्या एका शेतकऱ्याच्या घरचा. कोपनहेगनला ते मेडिकलला गेले आणि केमिस्ट्रीत रमले. १९०१ साली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख झाले. हो, बिअरवाली कार्ल्सबर्गच! (काहींचे कान आत्ता टवकारले असतील.)

तिथे ते एन्झाइम्सवर काम करत होते. ॲसिडिटी जरा बदलली की एन्झाइमचा वेग बदलायचा. ॲसिड किती ओतलं यावरून काही कळेना, कारण त्यातलं बरंचसं प्रोटीनच गिळून टाकायचं. मोजायला हवेत ते मोकळे उरलेले हायड्रोजन आयन, हे त्यांनी धरून ठेवलं. ते आकडे इतके बारीक, की दशांशचिन्हापुढची शून्यं मोजता मोजता डोळे दुखावेत. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी लॉगरिदम वापरून पीएच मांडला. एक अंक उतरला म्हणजे ॲसिडिटी दहापट.

मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. बफरची कल्पना त्यांच्या आधीची, पण कुठलं मिश्रण कुठल्या पीएचवर टिकून राहतं, हे त्यांनी नीट मोजून दिलं.

हे का महत्त्वाचं, ते ज्यांच्याकडे फिशटँक आहे त्यांना विचारा. मऊ पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे बफर, अगदी थोडं. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं बॅक्टेरिया नायट्रेट करतात, त्यात ॲसिड तयार होतं आणि बायकार्बोनेट ते खात राहतं. ते संपलं की पीएच धाडकन खाली! मग लोक घाबरून पीएच वाढवायचं औषध ओततात, आणि मासे मरतात ते त्यानेच. कारण कमी पीएचला अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पीएच चढला की त्याचाच विषारी अमोनिया होतो. त्यापेक्षा आधी थोडं थोडं पाणी बदलावं, मग फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवावी. ती हळूहळू विरघळते. आणि निऑन टेट्रासारखे मासे मुळात मऊ, किंचित आंबट पाण्यातलेच. त्यांच्यासाठी सातचा हट्ट कशाला? साडेसहा असेल तर साडेसहा, फक्त स्थिर हवा.

असो. सोरेन्सन यांच्या पत्नी मार्गारेथ याही संशोधनात त्यांच्यासोबत होत्या. १९२४ मध्ये लिंडरस्ट्रॉम-लांग यांच्याबरोबर त्यांनी स्वतःचीच व्याख्या सुधारली. नोबेल काही मिळालं नाही. १९३८ पर्यंत ते विभागप्रमुख होते, १२ फेब्रुवारी १९३९ ला गेले. पीएचमधला ‘पी’ नेमका कशाचा, हे काही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं नाही. त्यावर केमिस्ट मंडळी अजून भांडतात.